चाकं थरथरली म्हणून स्टिअरिंग बॉक्स खोलू नका

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा समज बरोबर आहे का ते कळेल. गाडी १९३४ ची रोल्स-रॉइस २०/२५. ताशी ६०-६५ किलोमीटरला एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग हातात उड्या मारतं आणि गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय ते थांबत नाही. हळू चालवताना स्टिअरिंग इतकं जड की वळताना घाम फुटतो. सरळ रस्त्यावर डावीकडे ओढ आहे. मेकॅनिकने स्टिअरिंग बॉक्स (कॉलमच्या टोकाची गिअरची पेटी) दोनदा घट्ट केला, फरक नाही, आणि आता तो म्हणतो इंग्लंडहून दुसरा बॉक्स मागवा. मागच्या वर्षी तुम्ही पुढचे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) नव्याने वाकवून घेतले, टायर नवे टाकले आणि क्रोमसाठी पुढचा बंपर काढून दिला, तो अजून आलेला नाही. आणि अगदी शेवटी सहज जाता जाता लिहिलंय, की उजव्या चाकाच्या स्टिअरिंग आर्मवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्यावर, जुनं वेल्डिंग दिसतं.

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. तो आर्म उतरवून क्रॅक तपासून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. थरथर, ओढ, जडपणा हे सगळं नंतर. हा आर्म घडाई केलेल्या मिश्र पोलादाचा असतो. त्यावर वेल्डिंगची कांडी लागली की शेजारचा भाग ठिसूळ होतो, आणि तो तुटतो तेव्हा आधी कसलीही सूचना देत नाही. मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करणाऱ्या लॅब पुण्या-मुंबईच्या औद्योगिक भागात सहज मिळतात, खर्च एका टायरच्याही पासंगाला पुरत नाही. आर्मबरोबर स्टब ॲक्सल (ज्यावर चाक फिरतं ते टोक), ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा) आणि सगळे बॉल पिनही (सांध्यांतले गोळे) देऊन टाका. वेल्डिंग नुसतं वरवरचं भराव असेल तरी मी तो आर्म परत लावत नाही. या गाड्यांचे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून बनतात. पैसे घालायचेच असतील तर बॉक्सऐवजी इथे घाला.

आता मूळ दुखणं. मी मुंबईत एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो. गाडी आली की तो मालकाला पहिला प्रश्न विचारायचा, "हे कधीपासून?" आणि दुसरा, "त्याच्या आधी काय काम केलंत?" तुमच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून दिलंय. मागच्या वर्षापर्यंत गाडी बरी होती. मागच्या वर्षी तीन गोष्टी बदलल्या: पाटे, टायर, बंपर. बॉक्सला कोणी हात लावला नव्हता. मग संशय बॉक्सवर का?

कारण सोपं आहे. स्टिअरिंग हातात थरथरतं, आणि हाताला सगळ्यात जवळचा भाग बॉक्स. पण ही थरथर तिथे जन्मत नाही, तिथे फक्त पोचते. सायकलचं एक चाक काढा, त्याच्या ॲक्सलची दोन टोकं दोन हातांत धरा, कोणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग चाक बाजूला तिरपं करा. ते तिरपं व्हायच्या ऐवजी हातातून वळायला बघतं. तुमच्या गाडीत पुढे एकच अखंड ॲक्सल आहे. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा ॲक्सल कलतो, फिरणारी दोन्ही चाकं किंगपिनभोवती (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो खिळा) वळायला बघतात, टाय रॉडने जोडलेली असल्यामुळे एकत्र वळतात, आणि ते वळणं पुन्हा ॲक्सलला उलट दिशेने कलवतं. ॲक्सलचा हेलकावा आणि चाकांचं वळणं यांची लय जुळली की एकमेकांना झोका देत राहतात. टायरचा मऊपणा, पाट्यांचा ताठपणा, चाकाचं वजन आणि कास्टर (तो काय ते पुढे सांगतो), या चौघांवर ती लय ठरते. बॉक्स घट्ट केल्याने यातलं काहीच बदलत नाही.

हे दुखणं तुमच्या गाडीचं एकटीचं नाही, एका अख्ख्या पिढीचं आहे. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर चाचणीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्सची सिल्व्हर घोस्ट घाट चढून गेली, तेव्हा तिचे टायर अरुंद आणि कडक हवेचे होते आणि पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. १९२३ च्या सुमाराला कमी दाबाचे फुगीर 'बलून' टायर आले आणि त्याच काळात पुढच्या चाकांवर ब्रेक आले. बसणाऱ्याला गादी मिळाली, ॲक्सलच्या टोकांना वजन मिळालं, आणि महागड्या गाड्यांची पुढची चाकं नाचायला लागली. रोल्समधला मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर १९३० मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅककडे गेला आणि तिथे याच विषयाच्या मागे लागला. १९३४ च्या कॅडिलॅकला प्रत्येक पुढच्या चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं. पुढे रोल्सच्या फँटम थ्री मध्येही तीच वाट धरली गेली. म्हणजे पक्का इलाज अखंड ॲक्सल काढून टाकणं हाच निघाला. तुमच्या गाडीत तो आहेच, तेव्हा त्याला शांत ठेवणाऱ्या गोष्टी मूळच्या जागी आणायच्या.

त्यातली एक तुम्ही स्वतःच्या हाताने काढून क्रोमवाल्याकडे दिलीय. १९३० च्या दशकातल्या कित्येक रोल्स आणि बेंटलींवर विल्मॉट ब्रीडन या ब्रिटिश कंपनीचा बंपर असे. त्याच्या दोन्ही टोकांत वजनं बसवलेली असत. पुढचा भाग थरथरायला लागला की ती वजनं उलट लयीत हलून ती थरथर खाऊन टाकत. अमेरिकेत पॅकार्डनेही असाच बंपर लावला होता. लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. क्रोमवाल्याला फोन करा आणि विचारा, टोकं नुसती पोकळ आहेत की जड. जड असतील तर आतलं काही 'निरुपयोगी शिसं' म्हणून त्याने बाहेर काढू नये हे निक्षून सांगा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा बंपर पॉलिशवाल्याने असाच 'हलका' करून दिला होता. मालक खूश, सहा महिन्यांनी गाडी नाचायला लागली, आणि तोपर्यंत बंपरची आठवण कोणालाच नव्हती.

तरी बंपर नसणं हे एकटं कारण वाटत नाही, कारण त्याने स्टिअरिंग जड होत नाही. थरथर आणि जडपणा दोन्ही एकदम आले असतील तर माझं बोट कमानपाट्यांकडे जातं.

किंगपिन सरळ उभा नसतो. त्याचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं, तो कास्टर. तो असतो म्हणून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. कमी झाला तर गाडी भरकटते, जास्त झाला तर स्टिअरिंग जड होतं आणि थरथरीला आयतं निमंत्रण मिळतं. अखंड ॲक्सलच्या आणि फुगीर टायरच्या गाडीत दोन-तीन अंशांच्या पुढे गेलो की मी सावध होतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा कारखान्याच्या पुस्तकातून घ्या. हा कोन ठरतो पाट्यावर ॲक्सल कसा बसलाय त्यावर, आणि पाटा व ॲक्सल यांच्यामधल्या पाचरीवर. कमानपाटेवाले हातोड्याने वाक देतात, त्यांचं रोजचं गिऱ्हाईक ट्रक. त्यांना वाटतं जितकी कमान जास्त तितका पाटा जोरदार. पुढच्या अर्ध्याला एक वाक आणि मागच्या अर्ध्याला दुसरा वाक बसला की ॲक्सलची बैठकच तिरकी होते. आणि पाचर? तिची एक कड जाड असते, एक पातळ. ती उलटी बसवलेली मी आजवर चार वेळा पाहिली आहे. एकदा तर एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटी. ती गाडी अर्थातच ओढत होती. दोन बाजूंचा कास्टर वेगळा असेल तर गाडी कमी कास्टरच्या बाजूला जाते.

मोजायला मोठं यंत्र लागत नाही. आधी फरशी सपाट आहे का बघा: गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि चारही चाकांखालची पातळी जुळवा, कमी असेल तिथे पत्रा घाला. गाडी पुढे-मागे ढकलून, पुढून दोन-तीनदा दाबून पाटे आपल्या जागी बसू द्या. मग डिजिटल कोनमापक ॲक्सलवरच्या पाट्याच्या बैठकीच्या मशीन केलेल्या भागावर किंवा किंगपिनच्या डोक्यावरच्या सपाट जागी पुढे-मागे दिशेने धरा. दोन्ही बाजूंचे आकडे लिहा. दोन्ही जास्त असले तर पाटे आणि पाचरी बघायच्या. दोन्हीत फरक असेल तर पाचर उलटी, किंवा ॲक्सल पिळलेला.

त्याच वेळी ओळंबा घ्या. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा, दोन्ही बाजूंची लांबी मोजा. एका गाडीत डावी बाजू ९ मिलिमीटरने कमी भरली. वर्षभर लोक टाय रॉड फिरवून ती ओढ काढायला बघत होते. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला होता आणि ॲक्सल मागे सरकला होता. पाट्याला ॲक्सल बांधणारे यू-बोल्ट हाताने फिरतील इतके ढिले. नवे वाकवलेले पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात आणि यू-बोल्ट ढिले पडतात. तुमच्याकडे पाटे लावल्यानंतर कोणी ते पुन्हा आवळले होते का? नसतील तर आधी तेच करा, पाना आणि दहा मिनिटं पुरतात.

पाट्यांची आणखी एक परीक्षा. गाडी फरशीवर, चाकं सरळ, स्टिअरिंगला कोणी हात लावायचा नाही. दोघांनी पुढून गाडी जोरात दाबायची आणि सोडायची. स्टिअरिंग स्वतःहून डावी-उजवीकडे हललं तर ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाच्या आर्मकडे जाणारा दांडा) आणि ॲक्सल वेगवेगळ्या कमानीत फिरताहेत. कमान फार उंच झाली की ड्रॅग लिंक तिरकी होते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक चाकांना वळवत राहते. थरथरीला पहिला धक्का इथूनच मिळतो. यावर उपाय एकच, कमान मूळ उंचीवर आणणं. ड्रॅग लिंक कापून लांबी बदलण्याचे उद्योग कोणी सुचवले तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

डाव्या ओढीबद्दल अजून दोन शब्द. आपण डावीकडून चालवतो आणि रस्ता मध्ये उंच असतो, तेव्हा थोडी ओढ रस्त्याचीच असते. मोकळ्या सपाट मैदानात बघा. आणि ओढ फक्त ब्रेक दाबल्यावर येते का ते पाहा. तसं असेल तर तो स्टिअरिंगचा नाही, पुढच्या ब्रेकचा प्रश्न आहे. एका बाजूचा ड्रम तेलकट असणार किंवा एका बाजूची जोडणी अडकत असणार.

जडपणा कुठे आहे ते शोधायची रीत अशी. दोन्ही पुढची चाकं जॅकवर उचला. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दोन बोटांनी फिरलं पाहिजे. फिरलं, तर बॉक्स निर्दोष. तुमच्या बाबतीत मात्र तो दोनदा घट्ट केलाय, तेव्हा मध्ये ठीक आणि टोकांना जाम अशी स्थिती सापडेल असं मला वाटतं. या गाडीत वर्म (आट्यांचा दांडा) आणि त्यावर सरकणारा नट आहे. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळ चालते, म्हणून झीज मधल्या भागात होते, टोकं कोरी राहतात. मधली ढिलाई काढायला तुम्ही घट्ट केलंत की टोकांना तो आवळला जातो. तेव्हा परत सैल करा. टोकांना मोकळा फिरेल इतकाच ठेवा. डॅशबोर्डखालची कॉलमची क्लॅम्पही सोडून बघा. क्लॅम्प सोडल्यावर कॉलम एका बाजूला उडी मारत असेल तर तो जबरदस्तीने वाकवून बसवलेला आहे, आणि तोही जडपणा देतो.

बॉक्समध्ये ग्रीस भरलंय का? आपल्याकडे नव्वद टक्के वेळा भरलेलं असतं, कारण तेल गळतं. ग्रीस वर्मने एकदा बाजूला सारलं की परत येत नाही. बॉक्स भरलेला दिसतो आणि दाते कोरडे चालतात. धुऊन काढा, जाडसर गिअर ऑइल भरा, आणि कांस्याचे भाग असलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं तेल टाळा. गळतीचं सील नंतर बघता येईल.

मग चाकं हातांनी डावी-उजवी फिरवून पाहा. इथे अडकत असतील तर किंगपिन. हा भागही तेलावर चालतो. फँटम टू वर आणि नंतरच्या २०/२५ वर पायाने दाबायचा पंप असे. तो बारीक नळ्यांतून चासीच्या सांध्यांना तेल पोचवायचा. सांध्याजवळच्या ड्रिप प्लगमध्ये जाळी आणि अगदी बारीक वाट असते. एकदा कोणी त्यात जाड तेल किंवा ग्रीस घातलं की ती कायमची बंद. पंप दाबला की पायाला दाब जाणवतो, मालक समाधानी, आणि किंगपिनला वर्षानुवर्षं थेंब मिळत नाही. नळीचं टोक सोडून तेल खरंच येतं का बघा. किंगपिन कोरडे असतील तर सुटे करून पाहावेच लागतील. दसऱ्याच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत माणसाच्या चालीने निघणाऱ्या गाड्यांचं दुखणं बहुतेक हेच असतं. वेग नसल्यामुळे त्यांना थरथर कधी कळत नाही, जडपणा मात्र ड्रायव्हरचे खांदे सांगतात.

चाक उचललेलंच आहे तर वर-खाली धरून हलवा. हललं तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर प्ले (ढिलाई) हबच्या बेअरिंगमध्ये होता. चालूच राहिलं तर किंगपिनच्या बुशमध्ये. मग चाकं खाली टेकवून मदतनिसाला स्टिअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा आणि प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवून फिरा. प्ले डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो. ड्रॅग लिंकच्या टोकांत स्प्रिंग असतात. त्या तुटल्या म्हणून कोणीतरी आत लोखंडाचा तुकडा घातलेला असतो, आणि मग प्रत्येक दगड थेट हातात येतो. बॉल पिनचा गोळा मायक्रोमीटरने चार दिशांनी मोजा, एका दिशेने चपटा झालेला असेल तर बदला. जोडताना लिंकच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळून, पाव ते अर्धा फेरा मागे घेऊन स्प्लिट पिनचं भोक जुळवायचं. स्प्लिट पिन नेहमी नवी, जुनी सरळ करून नाही.

टायर राहिले. नवे टायर कुठले टाकलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे १९ ते २१ इंची टायर मिळेनासे झाले तेव्हा लोकांनी रिम कापून १६ इंची केल्या आणि जीपचे टायर चढवले. तसं असेल तर सगळी गणितं बदलतात. टायर मूळ मापाचे असतील तर चाक फिरवून टोकदार खिळा जवळ धरा, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त डगमगत असेल तर चाकाच्या तारा (स्पोक) ढिल्या आहेत. तारांची चाकं गाडीच्याच हबवर बॅलन्स करून घ्यावीत, मॉलजवळच्या दुकानातल्या मशीनवर ती नीट बसतच नाहीत. चाचणी म्हणून पुढच्या दोन्ही टायरमध्ये पाच पाउंड हवा जास्त भरून बघा. थरथर सुरू होण्याचा वेग वर सरकला तर लयीचं जे मी वर सांगितलं ते तुमच्या हातात आलं. टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली ते, इंचाच्या आठव्या भागाच्या आसपास असतो. फिरत्या टायरवर खिळ्याने रेघ ओढून हबच्या उंचीवर पुढून-मागून मोजा. सगळ्यात शेवटी. कास्टर हलवला की तो बदलतो.

पुढच्या शॉक ॲब्झॉर्बरमधलं तेलही बघाच. हे हायड्रॉलिक डँपर रिकामे असले तर ॲक्सलचा पहिला हेलकावा अडवायला कोणीच नसतं.

क्रम मी असा धरेन: आर्मची क्रॅक टेस्ट, यू-बोल्ट, दोन्ही बाजूंची लांबी आणि कास्टर, बॉक्स सैल आणि तेल, किंगपिनला तेल, डँपर, बॅलन्स, बंपर परत, टो-इन. प्रत्येक कामानंतर पहाटे त्याच रस्त्यावर, त्याच उंचवट्यावरून जा आणि थरथर किती वेगाला सुरू झाली, किती वेळाने थांबली ते वहीत लिहा. दोन कामं एकदम करून गेलात तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

एवढं करून स्टिअरिंगच्या कडेला, सरळ स्थितीत, इंचभर ढिलाई उरली तर ती राहू द्या. नव्वद वर्षांच्या वर्म-नटला तेवढी हवीच असते. आणि ती थरथर पुन्हा सुरू झालीच तर स्टिअरिंग आवळून धरू नका. हात सैल ठेवून वेग उतरवा, नाहीतर अंगठा मोडतो. माझा एकदा मोडलाय.